ऐकून येत नाही तिला

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बोलायला बसले की आपण मुलांच्या नि गुडघ्यांच्या गप्पा मारतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हाडांची नावं पाठ होईनात म्हणून मी रडत बसायचे, आठवतं? तू पुस्तक हिसकावून घेतलंस आणि म्हणालीस, "डोळे मीट, मी वाचते." मग वर्षभर होस्टेलच्या गच्चीत कपडे वाळत घालता घालता तू मला धडे ऐकवलेस. स्वतःचा अभ्यास मात्र पहाटे उठून करायचीस, हे मला फार उशिरा कळलं. मी नर्स झाले ती तुझ्यामुळे.

आणि गंमत बघ, शिकवायला लागल्यावर बावीस वर्षं मी मुलींना नुसतं ऐकवतच राहिले. मला ऐकून येतं म्हणजे सगळ्यांनाच येतं, असं धरूनच चालले गं!

यंदा वर्गात एका गवंड्याची लेक आली. अबोल. पेपरात दोनदा नापास झाली. एकदा तर मी सगळ्यांदेखत तिला बोलले, "कानात बोळे घालून बसतेस का?" तिचं नाव कमी करायचा कागदही तयार झाला, माझी सही तेवढी बाकी होती.

त्याच दुपारी सरावाच्या खोलीत डोकावले, तर तीच इतर मुलींना कोपराचं बँडेज शिकवत होती. मला पाहून तिचे हात थांबले. खाली मान घालून म्हणाली, "बाई, ऐकून डोक्यात राहत नाही. एकदा हातानं केलं की मग सांगताही येतं."

मी स्टुलावर बसले, हात पुढे केला. बँडेज बांधता बांधता तिनं पट्टी किती घट्ट हवी, का हवी, बोटं गार पडली तर काय करायचं, सगळं घडाघडा सांगितलं. मला मान वर करवेना.

तो कागद मी फाडला. त्यानंतर प्रत्येक धडा आधी हातानं, मग वहीत. फेरपरीक्षेत ती पास झाली, काठावर का होईना. आता बाकीच्या मुलींनाही मी तसंच शिकवते. तू मला पारखलंस, तसं एकीला तरी मला पारखता आलं, याचं समाधान आहे.

हे पत्र जिनं तुझ्या हातात दिलं ना, तीच ती. उद्यापासून सहा महिने सरावासाठी तुझ्या वॉर्डात आहे. लांबलचक सूचना देऊ नकोस. एकदा करून दाखव आणि करू दे. आत्ता दारातच उभी असेल. आधी तिला बस म्हण.

तुझीच,
होस्टेलच्या खोलीतली रडूबाई