संमोहनाचा प्रबंध आणि लायब्ररीतला फॉर्म

५ जानेवारी, परतूर
३१ मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द. मला काळजी नाही. सिद्धान्त पक्का आहे: तल्लीन स्वभावाचा माणूस संमोहनात लवकर जातो. शिवाय माझ्या नजरेत काहीतरी आहे. बायको, दैवशाला, म्हणाली, मंग गच्चीवरची वानरं हाकला आधी. दुर्लक्ष.

१२ जानेवारी
बी.ए.ची चाळीस मुलं, माझाच वर्ग. आधी स्वभावाचा फॉर्म: 'गाणं ऐकताना भान हरपतं का?' लगेच संमोहन. 'हात चिकटले' म्हणालो आणि चिकटले! ज्यांनी 'हरपतं' लिहिलं, बराबर त्यांचेच. मीच घाबरलो.

२० जानेवारी
गाईड प्रियदर्शनी मॅडम (माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान) म्हणाल्या, सर, खोली तीच, माणूस तोच, अन् इंटर्नलचे मार्क त्याच्याच हातात? तोच फॉर्म दुसरीकडे, दुसऱ्याकडून भरून घ्या. संमोहनाचं नाव काढू नका.
जळतात. उद्यापासून नम्र राहायचं.

४ फेब्रुवारी
लायब्ररीतल्या संपतनं फॉर्म 'वाचनाचा सर्व्हे' म्हणून वाटला. त्याच मुलांना.

९ फेब्रुवारी
लायब्ररीतला फॉर्म आणि जानेवारीतलं संमोहन यांचा मेळ: जवळजवळ शून्य. कॉम्प्युटर बिघडलाय.

१० फेब्रुवारी
कॉम्प्युटर ठीक आहे. संपत बिघडलाय.

१३ फेब्रुवारी
शिखाला विचारलं. कापडवाल्यांची मुलगी, सगळ्यांत खोल गेलेली. म्हणाली, सर, वर्गात फॉर्म भरला की लगेच तुम्ही झोपवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'हरपतं' लिहिलं की हात चिकटवावेच लागतात. ज्यांना भानगड नको होती त्यांनी 'न्हाई' लिहिलं अन् सुटले. मग लायब्ररीत? तिथं संपतमामाला काय घेणं, खरं लिहिलं. नाकावर माशी बसली तरी डोळे उघडले न्हाईत सर, हे मात्र मोजा, म्हणाली.
मोजणार नाही.

२६ मार्च
मॅडमचा फोन. मी पाठवलेले दोन्ही फॉर्मचे आकडे पाहून: निकाल उत्तम! शीर्षक बदला म्हणाल्या: 'चाचणीच्या प्रसंगाचा परिणाम'. म्हणजे मेळ स्वभावाचा नव्हताच, मुलं सरांचं मन राखत होती, हे पुराव्यासह, माझ्या सहीनं. विचार करतो म्हटलं. म्हणाल्या, करा, पाच दिवस आहेत.

३० मार्च
सही केली.
दैवशाला खूश. वाटूरला माहेरी फोन लावला, मग माझ्याकडे वळून विचारलं, दादा विचारून राह्यला, दाजींनी नेमकं काय शोधलं?
म्हटलं, सांग, सगळं इंग्रजीत आहे.