विशाखाचं पथ्य

लोहारा
ता. १२ डिसेंबर १९७२

ती. मुक्ताअक्कास,
धाकट्या मालनचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विशाखाच्या पोटाला गहू सोसत न्हाय असं सांगितल्यापासून गव्हाचा कण तिला दिला न्हाय. जुलाब थांबले. पण अक्का, हे पथ्य औंदाच नशिबी यावं! एरवी आपल्यात गहू सणाला आणि ज्वारी रोजची. आता रानात ज्वारीचं ताट उभं न्हाय आणि रेशनला मिळतो तो गहू. आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो, तिथं पोरांना सुकडी वाटतात, तीही गव्हाचीच. सगळी पोरं खातात, आपली चार वर्षांची पोर नुसती बघत बसते.

काल बिस्किटासाठी लई रडली. सासूबाई म्हणाल्या, एका तुकड्यानं काय होतंय. मी तिच्या हातातून तुकडा काढून घेतला, तर त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

गव्हाशिवाय बिस्किट होतं का गं? तुझ्या नर्सबायांना विचार. पण कृती खात्रीची पाठव. वाया घालवायला पीठ न्हाय.

लोभ हाय तसाच राहू दे.
मालन

सोलापूर
ता. २१ डिसेंबर १९७२

चि. सौ. मालन हीस,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

कृती सांगणाऱ्या पुष्कळ भेटल्या. एक म्हणाली, तांदळाच्या पिठात मूठभर मैदा घाल, म्हणजे मोडत नाही. दुसरीनं रवा सांगितला. मैदा नि रवा म्हणजे गहूच, हे सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी शेजारच्या इरम्माबाई आणि मी करून बघितलं. पहिल्या खेपेचा भुगा झाला, तो आम्ही चहात कालवून खाल्ला. दुसरी खेप जमली.

ज्वारीचं पीठ चाळून कोरडंच भाज. थोडा तांदूळ गिच्च शिजवून, वाटून त्यात मिसळ. त्यानं चिकटपणा येतो. गूळ घाल, तूप नसेल तर तेल चालेल. जाड पातेल्यात वाळू तापवून तीवर ताटलीत वड्या ठेव. वर झाकण, झाकणावर निखारे. फिकट असताना काढू नकोस, मोडतील. आणि गिरणीत दळू नकोस. तिथं गव्हाचं पीठ दगडात राहतं. घरच्या जात्यावर दळ.

एस.टी.चे कंडक्टर बब्रुवान यांच्याकडं ज्वारी-तांदळाची पिशवी दिली आहे. सासूबाईंवर रागावू नकोस. नातीपायी जीव तुटतो म्हणून बोलतात.

मन खंबीर ठेव, ही माझी आज्ञा समज.
तुझी अक्का

लोहारा
ता. ९ मार्च १९७३

ती. अक्कास सा. जयभीम. वि. वि.

वड्या जमल्या होत्या. विशाखा दोन्ही मुठी भरून कामावर सगळ्यांना दाखवत हिंडली. सुकडी खाणारी पोरं तिच्याकडं मागायला लागली, तर केवढा तोरा! सासूबाईंनी स्वतः जातं धुऊन दिलं.

पण अक्का, पिशवी संपली. रेशनला लाल मिलो, ती परदेशातली ज्वारी, येणार म्हणतात, येत न्हाय. हे ज्वारीसाठी ढोकीपर्यंत हिंडून रिकामे आले. मी पोरीला नुसतं गूळपाणी देत होते. परवा बघितलं, तर ती चुलीची माती खात होती. मी उठले आणि माझ्याच हातानं गव्हाची चपाती करून भरवली. पोटभर खाल्ली. माझ्याकडं बघून हसली.

आता तिला मान धरवत न्हाय. सासूबाई एक शब्द बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपाशी ठेवू का गहू घालू? मला कळंना. तू ये आणि तिला घेऊन जा.
मालन

सोलापूर
ता. ३० मे १९७३

चि. सौ. मालन हीस अ. आ.

सलाईन सुटलं. आता विशाखा भिंतीला धरून चालते. मी ड्युटीवर असले की इरम्माबाई तिला सांभाळतात, भात भरवतात. आधी दाराकडं बघत बसायची, आता बसत नाही. घरात ज्वारी भरल्याशिवाय पाठवू नका, असं डॉक्टर बजावतात. स्वतःला दोष देऊ नकोस. भुकेल्या लेकराला आई जे देते, तेच तू दिलंस.

प्रकृतीला जप.
तुझी अक्का

लोहारा
ता. १८ फेब्रुवारी १९७४

ती. अक्कास सा. जयभीम. वि. वि.

काल सुखरूप पोचले. यांनी एस.टी.तून मला एकटीलाच उतरताना बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

औंदा ज्वारी चांगली आली, कणगी भरली, म्हणून हौसेनं न्यायला आले होते. तू तिला माझ्याकडं ढकलत होतीस आणि ती तुझ्या पदराला आणखी बिलगत होती. तू चार दिवस राहा म्हणालीस, ओळख पटेल म्हणालीस. पटलीही असती. पण तिचे गाल बघितले, दंडावरचं मांस बघितलं आणि वाटलं, पुढल्या साली पाऊस पडलाच न्हाय तर? पुन्हा तशी चपाती माझ्या हातानं व्हायची न्हाय अक्का. म्हणून परत फिरले.

निघताना इरम्माबाईंनी तिला आईला जयभीम कर म्हणून सांगितलं, तर तिनं तुलाच केला. तू तिला धपाटा घातलास. पुन्हा मारू नकोस. तिला मला मावशी म्हणायला शिकव. तेवढं शिकंल ती.

माझ्या वाटची माया तिच्यावर कर.
मालन