पंपाचं दार आणि काचेचा गोळा

बाबा,

माझ्यावर घोर अन्याय चालला आहे आणि तो स्वयंपाकघरातलं कपाट करतंय. आईचं ते लोखंडी कपाट आता माझ्याकडे असतं. बांधलेली सुतळी सोडली की त्याचं दार लोंबतं, आणि मी साखरेच्या डब्याला हात घातला की नेमकं कपाळावर येतं. लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात असा मार खावा, आणि दाद मागायला कोर्ट नसावं! सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, भंगारात टाका ना." भंगारात कसं टाकू? "रविवारी करतो," असं तुम्ही आईला म्हणाला होतात. तो रविवार आलाच नाही, आणि तिने बांधलेली सुतळी तशीच राहिली.

आज ती सोडताना अंधेरीची शेड आठवली. तुमची गिरणी बंद पडल्यावर तुम्ही 'नाही' म्हणणंच सोडून दिलं होतंत. रेशनवाल्याला नाही, घरमालकाला नाही, मलासुद्धा नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या शेठने "बघू, काम दाखवा" म्हणून तुम्हाला ठेवून घेतलं आणि पहिलंच काम दिलं ते पेट्रोल भरायच्या जुनाट यंत्राचं. त्याच्या वडिलांच्या पंपावरचं यंत्र ते. माणसाहून उंच, लाल, पुढे कपाटासारखं दार आणि डोक्यावर दुधी काचेचा गोळा. गोळा नुसता कड्यात बसवलेला. आतल्या दिव्याची वायर जोडून झाली होती, त्यामुळे उतरवायची सोय नव्हती. "हा फुटला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका," शेठने बजावलं होतं. सगळं झालं, दार मात्र बसेना. खाली घासायचं, म्हणून शेडमधला जो तो ते धाडकन आपटायचा, आणि वर गोळा किणकिणायचा. त्या दिवसांत चाळीत कुणाचं दार आपटलं तरी तुमचा घास हातातच राहायचा.

त्या शनिवारी तुमचा जोडीदार आला नाही. माझं ऑफिस अर्ध्या दिवसात सुटलं, तशी मी आले. तुम्ही मला स्टुलावर चढवलंत.

"तू फक्त गोळो धर. दाराकडे बघू नको."

मी अर्थातच बघितलं. तुम्ही दाराखाली लाकडाची पाचर सारून त्याचं वजन पेललंत, खालच्या बिजागरीचे स्क्रू जरासे सैल केलेत, आणि मागे पत्र्याची पट्टी सरकवायला लागलात.

"कागद दुमडून घाला की, पटकन होईल."

"कागद दबता गो. पत्रो दबना नाय."

स्क्रू आवळले. दार टक करून बसलं. गोळा गप्प. तुम्ही ते उगाचच पुन्हा उघडून लावलंत.

तेवढ्यात शेठ आला. "हे इथे काय? ऑफिसात हलवा. सकाळी पाहुणे येणार." शेडमधल्या पोरांनी यंत्र कलतं करून उचललं, मी गोळा धरून बाजूने चालत गेले. ऑफिसच्या गुळगुळीत लादीवर ते टेकलं, मी पुन्हा स्टुलावर चढले, आणि तुमचा चेहरा उतरला. शेडची जमीन गटाराकडे उतरती होती. यंत्राचं धूड तिथे जरासं पिळून उभं होतं, आणि तुम्ही दार त्या पिळाला बरोबर बसवलं होतंत. गिरणीत यंत्रं जागची हलत नाहीत. दुरुस्त केलेलं उचलून दुसरीकडे न्यायचं असतं, हे तुमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेठने मूठ धरून दार लावून बघितलं. खर्र झालं. "अडकतंय," म्हणत त्याने आपटायला हात मागे घेतला. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही जमिनीकडे बघताय. मग एक पाऊल पुढे येता.

"शेठ, आपटू नका."

"काय?"

"चूक माझी आहे. जमीन बघितली नाही. आपटलंत तर गोळा जाईल."

"मग इतके दिवस केलंत काय?"

तुम्ही मागे सरला नाहीत. शेठचा हात मुठीवर तसाच. माझी बोटं काचेवर घामाने निसटायला लागली होती.

"करा परत," तो शेवटी म्हणाला. "ही कोण?"

"मुलगी."

"गोळा तिलाच धरू द्या."

तुम्ही पाणसळ लावून पातळी बघितलीत, यंत्राच्या पायांखाली पट्ट्या सारल्यात, बिजागरी पुन्हा सैल केलीत, पुन्हा आवळलीत. दार बसलं. शेठने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि निघताना म्हणाला, "सोमवारी वेळेवर या."

बसस्टॉपवर तुम्ही विचारलंत, "घाबरलंस?"

"छे."

"माझे पाय अजून कापतत."

आज मी आधी लादी बघितली. मग पाचर, मग खालची बिजागरी. या पत्राचीच घडी मागे सारावी असं क्षणभर मनात आलं, पण कागद दबतो. शेवटी खोबरेल तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. दार टक करून बसलं. आईची सुतळी गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. आता ती नुसती सुतळी आहे.

आणि बाबा, त्या दिवशी मी घाबरले होते. गोळ्यासाठी नाही. तुम्ही गप्प राहाल म्हणून. ती भीती गेली असं मी समजत होते. पण मघाशी दार लावताना माझा दुसरा हात कपाटाच्या वर गेला होता, काहीतरी धरायला. वर काहीच नव्हतं.