ऐकणारीचं अंतर

१८ नोव्हेंबर, सोमवार

परतूरच्या दुकानात लागून आठवडा झाला नाही तोच मालकांनी मोठं काम दिलं. आष्टीच्या अण्णासाहेबांकडे होम थिएटर बसवायचं आणि काम होईतो तिथंच राहायचं. खोली हवेशीर, जेवायला गरम भाकरी, म्हणजे या अंगदरावांची चैनच! अण्णासाहेब अठ्ठ्याहत्तरचे, एकटेच. स्वयंपाकाला शालूबाई येतात. त्या भाकरी थापताना सतत गुणगुणतात, आणि तेही सुरात. हॉलमध्ये एक वेताची खुर्ची आहे, गेल्या वर्षी वारलेल्या उषाबाईंची, म्हणजे अण्णासाहेबांच्या पत्नीची. सगळा आवाज त्याच खुर्चीवर जमला पाहिजे, असं त्यांनी बजावलं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा.

जेवणाआधी जालन्याला शीतलला फोन केला. आमची छकुली चार महिन्यांची, हल्ली ‘अग्गू’ म्हणते. ते ऐकल्याशिवाय मला घास उतरत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर वायरी. रिसीव्हर म्हणजे या संसाराचा कारभारी. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी, सगळ्यांनी त्याच्याकडे यायचं आणि त्यानं पाच स्पीकरना कामं वाटून द्यायची. लाल वायर लालला, काळी काळ्याला. एक जरी उलटी लागली तरी आवाज पोकळ होतो. शेवटी मोजणी. बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर छोटा माईक ठेवला की स्पीकर एकेक करून टुकटुक वाजतात, आणि ऐकणारा किती लांब आहे ते रिसीव्हर स्वतःच सांगतो. मधल्या स्पीकरपासून खुर्ची ३.२ मीटर. टेपनं मोजलं, तेवढंच भरलं. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ठार बहिऱ्या माणसाला हे ऐकू येईल का, असं अण्णासाहेबांनी विचारलं. उषाबाईंना शेवटची दहा वर्षं ऐकू येत नव्हतं. त्या सारखं ‘काय म्हन्ले?’ विचारायच्या आणि हे खेकसायचे. पुढं त्यांनी विचारणंच सोडलं. येत्या शुक्रवारी वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी तिला सगळं ऐकवायचं म्हणाले. मला गलबलून आलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

खात्रीसाठी पुन्हा मोजणी केली. माईक खुर्चीवरच होता, आकडा आला ५.४. वायर बदलली, माईक बदलला, तरी ५.४. टेप घेऊन तेवढं अंतर चालत गेलो तर स्वयंपाकघराच्या दारात पोचलो. आत शालूबाई गुणगुणत होत्या. मशीनलासुद्धा गाण्याची आवड दिसते, म्हणून हसलो.

दुपारी शालूबाई बाहेर आल्या. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. त्यांनी घाबरून ताट आपटलं, ताट वाजलं. त्यांचा आवाज तेवढा गेला होता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

परतूरचे डॉक्टर म्हणाले, शालूबाईंचा गळा ठणठणीत आहे.

आकडा आज २.१. तिथं अण्णासाहेबांचा झोपाळा आहे. ते फोनवर बोलत होते. मला कळून चुकलं. माईक कुठंही असो, मशीन उषाबाईंना मोजतंय. जिथं कुणी बोलतं तिथं त्या जातात, आणि ऐकलेला आवाज ठेवून घेतात.

सगळं काढून टाकतो म्हणालो. अण्णासाहेबांनी हात धरला.

“काढू नको, अंगद. तिला आत्ता कुठं ऐकू येऊन राह्यलंय.”

मी शालूबाईंची आठवण करून दिली.

“मंग माझा घेऊ दे. दहा वर्षांचं बोलायचं राह्यलंय.”

दुपारभर खुर्चीशी बोलत बसले. माफी मागितली. चारच्या सुमाराला आवाज विरला, ओठ चालूच होते. चेहऱ्यावर समाधान होतं. मला मात्र भीती वाटतेय, उघड लिहितो.

घरी फोन केला नाही. छकुलीचा आवाज या घरात नको.

२२ नोव्हेंबर, सकाळी

माईक काढला. प्लगही काढला. आकडा दिसतोच आहे. १.४ — मी बसलोय तिथं. बोलत नाही. खोकला आला तर —

अकरा वीस

शीतलचा फोन आला. कापायला गेलो, बोट चुकलं, फोन स्पीकरवर लागला. ‘अग्गू’. हॉलभर. एकदाच. लगेच बंद केला, पण —

आकडा वाढतोय. ९. ४०. ६००. एवढा हॉल नाही. एवढं गाव नाही.

शीतलला मेसेज केला, छकुलीला हसू देऊ नको, रडू देऊ नको. तिनं विचारलं, चार महिन्यांच्या लेकराला हे कसं सांगू.

कसं सांगणार —

पाच आकडी झाला. अण्णासाहेब खुर्चीपुढं हात जोडून उभे आहेत. उषाबाईंना परत बोलावताहेत. ओठ हलतात, आवाज कुठून —

मी ओरडलो. उषाबाई, इकडं या, माझा घ्या. तीनदा. घसा फुटेस्तोवर —

आकडा थांबला.

मागं येत नाही. तिथंच आहे, जालन्यात.

शीतलचा मेसेज. छकुली तोंड उघडून रडतेय, डोळ्यांत पाणी आहे, पण