सुजलेल्या हातांचा स्वयंपाकवर्ग

अर्डिस,

तुला उठवलं नाही. पहाटे कुठे तुझा डोळा लागला होता. ओट्स शिजवून ठेवले आहेत. पीनट बटरच्या बरणीचं झाकण सैल केलं आहे, बोटांना जोर देऊ नकोस. संधिवाताची गोळी काहीतरी खाऊन मगच घे.

मी चर्चच्या हॉलमध्ये तुझा स्वयंपाकाचा वर्ग घ्यायला गेलो आहे. रागावू नकोस. काल शनिवारी सूर्यास्ताला शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, संपल्यावर तू म्हणालीस, "वर्ग रद्द कर. असे सुजलेले हात घेऊन गेले तर लोक म्हणतील, ही बाई इतकी वर्षं डाळी-पालेभाज्या खाते, आणि तिलाच गुण नाही!" वर्ग रद्द झाल्याचं कळवायला मी पहिला फोन लावला तो तुझ्या वर्गातल्या ट्रकवाल्या रूबेनला. तुझ्या हातांचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाईंचेही हात दुखतात? मला वाटायचं, माझी पाठ अजून दुखते म्हणजे मीच काहीतरी चुकीचं खातोय. ब्रदर मेरिट, वर्ग बंद नका करू. तुम्ही या. बोलता नाही आलं तर निदान मसूर ढवळा!"

पुढचे फोन मी केलेच नाहीत.

चार माणसांसमोर माझं काय होतं, तू जाणतेस. तरी एवढं सांगायचा प्रयत्न करीन, की दुखणं जाईल असं तू कधीच कुणाला म्हणाली नाहीस. "थोडं हलकं वाटतं," एवढंच म्हणालीस, आणि दुखत असतानाही उभी राहून शिकवलंस. इतकं खरं बोलणारं माणूस मला पुस्तकांतही क्वचितच भेटलं.

पुढच्या रविवारी ते हात घेऊनच ये. रूबेनला ते बघायचे आहेत.

मेरिट