भोंग्याआधी उघडणाऱ्या दरवाजाची जोखीम मोजण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
जोखीम विश्लेषण पद्धत निवड समिती,
धरण सुरक्षा कार्यालय.

विषय : दरवाजांच्या संगणक प्रणालीची जोखीम तपासण्यासाठी कोणतीही एक पद्धत ठरवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार सव्वीस वर्षे धरणाचे दरवाजे चालवीत आहे. दोन वर्षांपूर्वी हे काम संगणकाकडे गेले. पाणी खुणेवर आले की संगणक एकदम दोन हुकूम सोडतो : दरवाजा उघड, भोंगा वाजव. दरवाजा लगेच उघडतो. भोंगा मात्र नदीकाठी खालच्या मनोऱ्यावर आहे; त्या मनोऱ्याशी संगणकाचा फोन जुळेपर्यंत तो थांबतो. कधी तीन सेकंद, कधी चार मिनिटे.

२. हे कळवल्यावर आपली समिती नेमली गेली, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. जोखीम कशी मोजावी यावर एकवीस बैठका झाल्या. यंत्र अभियंता म्हणतात, एकेक भाग बिघडला तर काय होईल ते पाहा. सुरक्षा अधिकारी म्हणतात, अपघात झाला असे धरा आणि मागे कारणे शोधत जा. अर्जदाराने अल्पमतीने सुचवले, "साहेब, इथे बिघडत काहीच नाही. दरवाजाही शहाणा, भोंगाही शहाणा, फक्त एकाला दुसऱ्याची खबर नाही. कोणता हुकूम भलत्या वेळी सुटतो, ते बघणारी पद्धत घ्या." प्रणाली लिहिणाऱ्या बाईंनीही तेच सांगितले. बाईंची बदली झाली.

३. तपासणीपर्यंत प्रणाली जशीच्या तशी राहावी म्हणून दरवाजा हाताने थांबवण्याची कळ सीलबंद झाली. सील काढण्याची परवानगी मागता उत्तर आले : "काढल्याने जोखीम वाढेल की घटेल, हे मोजण्याची पद्धत आधी ठरू द्या."

४. या महिन्याच्या नऊ तारखेस, लख्ख उन्हात, दरवाजा उघडला. खाली पात्रात सतरंज्या धुणारे जोडपे होते. नवरा काठावर वाळत घालत होता, बायको पाण्यात होती. अर्जदार खिडकीतून घसा फाटेस्तोवर ओरडला. पाण्याच्या आवाजापुढे कोण ऐकणार? भोंगा दोन मिनिटांनी वाजला. तोवर ऐकायला नवरा एकटाच उरला होता.

कळ अर्जदाराच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. नोकरी जाईल या भीतीने अर्जदाराने सील तोडले नाही.

५. अपघाताची नोंद अद्याप झालेली नाही. ती कोणत्या तक्त्यात करावी, हे पद्धत ठरल्यावर ठरेल असे कळते. नवरा रोज कार्यालयाच्या पायरीशी येऊन विचारतो, "दादा, तिचं लिहिलं का हो कुठं?" अर्जदार रोज "उद्या" म्हणतो.

६. सबब विनंती की, कोणतीही पद्धत घ्यावी. एकमत होत नसल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. तेही शक्य नसल्यास अर्जदारावर कर्तव्यात कसूर केल्याची कारवाई करावी. त्यासाठी कोणतीही पद्धत ठरवावी लागत नाही, आणि आरोपपत्रात मृताचे नाव लिहावेच लागते.

आपला नम्र व कसूरवार,
(सही)
दरवाजा चालक

दिनांक : २८ नोव्हेंबर

सोबत : सहीनिशी कबुलीजबाब, तीन प्रती.