पेटीतलं मेण

११ मे
पुन्हा भांडलो कारखान्याच्या मालकांशी, जसमतकाकांशी! सौर पंपाचे नऊ कंट्रोलर परत आले — "दुपारी बंद पडतात." काका म्हणे, "शेतकरी खोटं बोलतो. आपण चारला तपासतो, ठणठणीत चालतात!" चारलाच ना! एक ते चार अख्खं राजकोट झोपतं, आपला कारखानाही. कंट्रोलरची पेटी बिघडते तेव्हा बघणारेच घोरत असतात! हे तोंडावर बोललो. झालं! "कॉलेज अर्ध्यात सोडलेला मला शिकवणार? दहा दिवसांत पेटी बरी कर, नाहीतर दुसरीकडे काम बघ."
म्हणजे शेजारच्या टेबलावर सोल्डर करणारी त्यांची मुलगी निराली दहा दिवसांनी दिसणार नाही. जगायचं कशाला?

१२ मे
झोपलो नाही. कंट्रोलर गच्चीवर भर उन्हात चालवला. दीड वाजता पेटीच्या आत ब्याऐंशी अंश — खट्! बंद. आतला गार करणारा पंखा धुळीने गच्च. पंखाच नको! उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये मेण भरतो. वितळता वितळता ते उष्णता गिळतं. सगळं वितळेपर्यंत तापमान फारसं चढत नाही. रात्री परत गोठतं.

१५ मे
शेण खाल्लं. मेण काठोकाठ भरलं — वितळलं की फुगतं, हे डोक्यातच नाही! झाकण उडालं, सर्किटला मेणाची आंघोळ. निराली हसून हसून खाली बसली. "काय रे धैवत, दिवाळीची तयारी का?" मी चिडून पेचकस भिरकावला. तिने उचलून दिला. बोटं लागली —
आज एवढं पुरे.

१६ मे
वर बोटभर जागा सोडली. टिकलं!

२० मे
जिंकलो!!! जसदणजवळ वशरामभाईंच्या शेतात तीन दिवस. चव्वेचाळीसचं ऊन. पंप दुपारभर चालू, पेटी एकसष्टच्या वर गेलीच नाही. पहिल्या दिवशी वशरामभाई खाटेवर बसून "आता पडेल बघ बंद" म्हणत होते. आज तिळाचं शेत भिजलं, तेव्हा बाजरीचा रोटला नि ताक स्वतः वाढलं. "किती शिकलास, भाई?" "अर्धं." "बरं झालं. पुरं शिकला असतास तर दुपारी झोपला असतास!"

२१ मे
काकांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. पेढे वाटले. यापुढे प्रत्येक पेटीत मेण! "माग, काय हवं ते माग!" आणि मी, तिथल्या तिथे — "निराली."
काका पेढा चघळत राहिले. मग म्हणाले, "रविवारी बापाला घेऊन ये." निरालीने मान वर केली नाही. लाजली! गोंडल रस्त्यावर स्कूटरवरून ओरडत घरी आलो. लोक बघत होते. बघू देत!

२२ मे
एकला सगळे झोपायला गेल्यावर निराली टेबलाशी आली. "पेटी चालेल की नाही, म्हणून तीन दिवस उन्हात बसलास. आणि मला? एकदा तरी विचारलंस?"
खरंच. नाही विचारलं.